दत्तक आणि मूळ जन्मनोंद

दत्तक गेलेल्या व्यक्तीला प्रौढ झाल्यावर आपल्या जन्माची मूळ नोंद पाहण्याचा, तसेच जन्मदात्या आईवडिलांची नावे व आपल्याला दत्तक देण्यामागील परिस्थिती यांची माहिती मिळविण्याचा अधिकार. इंग्लंड, अमेरिका आदी देशांत हा प्रश्न मोहोरबंद केलेल्या नोंदी उघडण्याचा प्रश्न म्हणून पुढे आला. महाराष्ट्रात त्याचे स्वरूप निराळे आहे. येथे दत्तकविधान हा मुळात चारचौघांच्या साक्षीने होणारा विधी होता आणि त्यात देणारा व घेणारा हे दोघेही सर्वांना ठाऊक असत. गुप्तता त्यात आली ती एकोणिसाव्या शतकात, अनाथालयांच्या द्वारे. आणि तीही मुलापासून काही दडविण्यासाठी नव्हे, तर आईची अब्रू व मुलाचा जीव वाचविण्यासाठी. त्यामुळे दत्तकांचे दोन वर्ग एकाच समाजात शेजारीशेजारी नांदू लागले. एकाला आपले जन्मकुळ लहानपणापासून ठाऊक असते. दुसऱ्याच्या कागदावर मातापित्यांच्या रकान्यात ‘अज्ञात’ एवढाच शब्द असतो. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावसारख्या ठिकाणी या दुसऱ्या वर्गातील व्यक्तीपुढे पहिला प्रश्न बंद नोंद उघडण्याचा नसतो. तशी नोंद मुळात कोणी केली होती काय, हा असतो.

परंपरेतील दत्तक : धर्मशास्त्रात पुत्रांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी औरस व दत्तक हेच पुढील काळात प्रामुख्याने टिकून राहिले. दत्तक म्हणजे ‘दिलेला’. दान देणारा असल्यावाचून दत्तक होत नाही आणि मूल देण्याचा अधिकार केवळ पित्यास व त्याच्या पश्चात मातेस असतो, असे शास्त्रकारांचे मत होते. या मताचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही : ज्याचे आईवडील हयात नाहीत किंवा माहीत नाहीत, असे अनाथ मूल शास्त्राप्रमाणे दत्तकच घेता येत नसे, कारण ते देणारे कोणी नसे. जन्मदाते अज्ञात असलेला दत्तक ही कल्पना जुन्या हिंदू विधीत बसतच नव्हती.

दत्तविधान नातेवाईक, भाऊबंद व गावकरी यांच्यासमोर होई. मुलाला घेणाऱ्याच्या मांडीवर बसवीत, काही जातींत दत्तहोम करीत, साखर वाटीत आणि मिळकतीचा प्रश्न असल्यास दत्तकपत्र लिहून त्यावर साक्षी घालीत. महाराष्ट्र संप्रदायात विवाहित, इतकेच नव्हे तर अपत्ये असलेल्या पुरुषालाही दत्तक घेण्यास आडकाठी नव्हती. असा पुरुष आपले जन्मघर विसरण्याची शक्यताच नसे. ‘हा आपणा दोघांचा मुलगा’ असा करार करून दिलेल्या मुलास द्व्यामुष्यायण म्हणत व दोन्ही पित्यांचा वारसा त्याच्याकडे जाई. सामान्य दत्तकाचा जन्मकुळातील वारसाहक्क संपत असला, तरी जन्मकुळाशी असलेले विवाहनिषेध संपत नसत. सोयरीक जुळविताना दोन्ही घरांची कुळी पाहावी लागे आणि म्हणूनच जन्मकुळाची आठवण जपली जाई.

मराठ्यांच्या इतिहासातील दत्तकप्रकरणे या दृष्टीने बोलकी आहेत. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये आणि झाशीचे १८५४ मध्ये खालसा झाले ते दत्तकाला मान्यता नाकारून. दोन्ही ठिकाणी वाद दत्तक वैध आहे की नाही याचा होता. मूल कोणाचे याचा नव्हता. झाशीचा दामोदरराव हा मूळचा आनंदराव, नेवाळकर घराण्याच्याच एका शाखेतला, हे सर्वांना माहीत होते. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव होत, तर कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव होत. त्यांची ही पूर्वनावे कधीच गुप्त ठेवली गेली नाहीत. महाराष्ट्रात विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येत असे. शिवाय अशा दत्तकाचा हक्क पतीच्या मृत्युदिनापासून धरला जाई. प्रिव्ही कौन्सिलने अनंत वि. शंकर या खटल्यात (१९४३) हे तत्त्व बरेच ताणले आणि त्यातून भाऊबंदकीचे असंख्य दावे उद्‌भवले. त्या दाव्यांच्या कागदांत मूल कोणी दिले, कोठे दिले, त्या वेळी कोण हजर होते, या बाबी इतक्या तपशिलाने आल्या आहेत, की या काळच्या दत्तकांच्या जन्मकुळाची सर्वांत भरवशाची नोंद न्यायालयांच्या दप्तरांतच सापडते. मुलींचा मात्र या सगळ्यात उल्लेख नाही. काही विशिष्ट रूढी सोडल्या, तर मुलगी दत्तक घेतली जात नसे. तो मार्ग हिंदूंसाठी १९५६ च्या अधिनियमाने मोकळा केला.

गुप्ततेचा उगम : १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, तथापि उच्चवर्णीय समाजात पुनर्विवाह जवळजवळ होत नव्हते. गरोदर राहिलेल्या विधवेपुढे भ्रूणहत्या, बालहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. १८६० च्या भारतीय दंड संहितेने मूल टाकून देणे आणि मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविणे हे दोन्ही गुन्हे ठरविले. या पार्श्वभूमीवर जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, असे आश्वासन जाहीररीत्या देण्यात आले होते. काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. या गृहाचा पाया गुप्ततेचा असला, तरी संस्थापकांनी स्वतः घेतलेल्या मुलाच्या आईचे नाव मात्र इतिहासाला माहीत आहे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

पंढरपूर येथे १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला व मुंबईच्या प्रार्थनासमाजाने तो चालविला. पंढरपूरसारख्या क्षेत्राची निवड आकस्मिक नव्हती. यात्रेच्या निमित्ताने दूरदूरच्या विधवा तेथे येत. घरी संशय न येता काही महिने राहता येईल असे ते ठिकाण होते. गर्दीत ओळख हरवत असे, आणि ज्या मुलांना तेथे सोडले जाई त्यांचीही ओळख तेथेच हरवे. मराठवाड्यातून पंढरीची वारी करणारा वारकरी समाज मोठा होता. त्यामुळे त्या भागातील कोणाचे मूळ पंढरपूरपाशी येऊन थांबत असेल, तर त्यात नवल नाही. अशा संस्थांचे हेतू उदात्त होते आणि त्यांनी हजारो जीव वाचविले. मात्र मोठ्या झालेल्या मुलाने उद्या आपल्या आईविषयी विचारले तर काय सांगावयाचे, या प्रश्नाचा विचार त्यांच्या आखणीत नव्हता. त्या काळी कोणी तो करील अशी अपेक्षा धरणेही योग्य होणार नाही.

स्वातंत्र्योत्तर कायदा : हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम २१ डिसेंबर १९५६ पासून अंमलात आला. हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा त्यापूर्वी सातच आठवडे, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्यात आला होता. या अधिनियमाने दत्तकाला सर्व दृष्टींनी दत्तक घराचे अपत्य मानले. मात्र बाराव्या कलमाच्या परंतुकात जुना विवाहनिषेध कायम ठेवला. जन्मकुटुंबात राहिले असते तर ज्या व्यक्तीशी विवाह करता आला नसता, तिच्याशी दत्तकालाही विवाह करता येत नाही. हा नियम पाळावयाचा तर जन्मकुटुंब माहीत हवे. जोवर दत्तक घरातल्या घरात, भाऊबंदांत किंवा मामा-मावशीकडे जात होते, तोवर ही अडचण जाणवली नाही. १९६२ च्या सुधारणेने आईवडिलांनी टाकलेल्या, तसेच ज्यांचे मातापिता कोण हे ठाऊक नाही अशा मुलांना न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याचा अधिकार पालकाला दिला. शास्त्राने अनाथासाठी बंद ठेवलेले दार अशा रीतीने उघडले, ही मोठी सुधारणा होय. पण मातापिता अज्ञात असलेल्या दत्तकावरही मातापिता ज्ञात असल्यावाचून पाळता न येणारा नियम लागू राहिला. ही विसंगती विधिमंडळाने आजवर दूर केलेली नाही.

घरगुती दत्तकात कागद सापडण्याचा संभव अधिक. देणारा व घेणारा या दोघांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणे झाले असे न्यायालय गृहीत धरते, अशी तरतूद १९५६ च्या अधिनियमात आहे. अशा दस्ताची नक्कल दस्तातील पक्षांना व त्याखाली हक्क सांगणाऱ्यांना दुय्यम निबंधकाकडून मिळू शकते. जन्मदात्याची सही असलेला हा कागद पुष्कळदा त्या व्यक्तीच्या जन्मदाखल्यापेक्षा अधिक सांगतो.

सेनगाव व मराठवाड्यातील नोंदी : सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यामुळे येथे जन्मलेल्या व्यक्तीचे जुने कागद शोधताना परभणीची दप्तरेही पाहावी लागतात, आणि १९४८ पूर्वीच्या कागदांसाठी निजामी राजवटीपर्यंत मागे जावे लागते. ब्रिटिश मुलखातील १८८६ चा जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा हैदराबाद संस्थानाला लागू नव्हता. निजामी अंमलातील पुष्कळ कागद उर्दूत, तर काही मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी जातीच्या नोंदींसाठी मराठवाड्यातील जुन्या दप्तरांची मोठ्या प्रमाणावर तपासणी सुरू केली, तेव्हा अशा नोंदी वाचणारे मोडी व उर्दूचे जाणकार शोधावे लागले. एका गावची जुनी नोंद हुडकणे हे किती कष्टाचे काम आहे, याची जाणीव त्या वेळी सामान्य शेतकऱ्यालाही झाली. मात्र ज्याला आपले आडनाव, जात किंवा गाव यांपैकी काहीच ठाऊक नाही, त्याला कोणत्या दप्तरापाशी जावे हेही कळत नाही.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. गावोगाव नोंदणीचे काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर चालते. रुग्णालयात जन्म झाल्यास कळविण्याची जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते. या अधिनियमातील तीन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. सार्वजनिक जागी टाकून दिलेले नवजात अर्भक सापडल्यास गावात गावप्रमुखाने किंवा तत्सम अधिकाऱ्याने आणि अन्यत्र पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्या जन्माची माहिती निबंधकास द्यावी, असे आठवे कलम सांगते. म्हणजे देवळाच्या ओट्यावर किंवा बसस्थानकात सापडलेल्या मुलाच्याही जन्माची नोंद व्हावी, हा कायद्याचा मूळ हेतू आहे. तिच्यात आईचे नाव नसले, तरी सापडल्याची जागा व दिवस राहतो. पंधराव्या कलमानुसार नोंदीतील चूक दुरुस्त करावयाची असल्यास मूळ मजकुरात फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालावयाची असते. सतराव्या कलमाने नोंदवहीतील शोध घेण्याची व उतारा मागण्याची सोय केली आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दत्तकानंतर नवा दाखला तयार करून जुना कुलुपात ठेवीत. आपल्या १९६९ च्या अधिनियमाची भाषा मात्र खोडण्याची नसून समासाची आहे. दत्तक-आदेशानंतर मिळणाऱ्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे येतात. तथापि आधी खरोखरच नोंद झाली असेल, तर ती नष्ट करावी असे या कलमात कोठेही म्हटलेले नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती याच्याही आधी. घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद पूर्वी पुष्कळदा होत नसे किंवा शाळेत नाव घालताना अंदाजाने तारीख लावली जाई. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबातील मूल फडावर जन्मले, तर त्याची नोंद, झालीच तर, दोन-तीनशे किलोमीटर दूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीत असते. अविवाहित मुलीला बाळंतपणासाठी मुद्दाम परक्या शहरात नेण्याची रीत होती. तेथे खोटे नाव दिले जाई आणि तेच नोंदवहीत उतरे. अशा नोंदीची नक्कल कायद्याने सहज मिळाली, तरी तिच्यातून सत्य मिळत नाही. अधिकार मान्य होण्याने हा दोष दूर होणारा नाही; तो नोंद करण्याच्या क्षणीच टाळावा लागतो.

परदेशी दत्तक व १९८४ चा निर्णय : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे येथील संस्थांतून अनेक मुले स्वीडन, नेदर्लंड्‌स, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका आदी देशांत गेली. भारतात सर्व धर्मीयांना लागू होणारा दत्तक कायदा नसल्याने परदेशी दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली मुलाचे पालकत्व मिळे आणि दत्तकविधान त्या त्या देशात होई. सर्वांसाठी समान कायदा करण्याकरिता १९७२ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक पुढे मागे घेण्यात आले. १९८० चे विधेयकही संमत झाले नाही. परिणामी एकाच मुलाचे कागद दोन देशांत विखुरले : पालकत्वाचा हुकूम भारतीय न्यायालयात, दत्तकाचा हुकूम युरोपात, आणि मूल कोठून आले याची नोंद, असल्यास, संस्थेच्या कपाटात.

या व्यवहारातील गैरप्रकारांकडे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी एका पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. ते पत्रच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निर्णय दिला. आंतरदेशीय दत्तकासाठी त्याने घालून दिलेली पद्धत सुप्रसिद्ध आहे. त्यातील मुळाविषयीचा भाग तुलनेने कमी चर्चिला गेला. जन्मदात्या आईवडिलांना दत्तक घेणारे कोण हे कळू नये, असा न्यायालयाचा कल होता. मुलाने जाणते वय झाल्यावर जन्मदात्यांविषयी विचारले तर ती माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी, असे न्यायालयाने म्हटले. पण ती द्यावी की नाही, हे दत्तक आईवडिलांच्या विवेकावर सोपविले. म्हणजे माहिती मिळणे शक्य झाले, तो दत्तकाचा स्वतःचा अधिकार मात्र झाला नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या व्यक्तीने आपल्या जन्माची माहिती दुसऱ्या कोणाच्या मर्जीने मिळवावी, ही मांडणी आज अपुरी वाटते.

त्या पिढीतील मुले १९९० नंतर प्रौढ होऊन परत येऊ लागली. मुंबई-पुण्याच्या संस्थांत, रुग्णालयांत व न्यायालयांच्या अभिलेख कक्षांत त्यांनी चौकशी केली. काहींना फाइल दाखविण्यात आली, काहींना एखादाच कागद मिळाला, तर काहींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक व थुर्गाऊ या दोन परगण्यांनी १९७३ ते २००२ या काळातील भारतीय दत्तकांविषयी इतिहाससंशोधकांकडून अभ्यास करवून घेतला. त्याचे शीर्षक ‘माता अज्ञात’ अशा अर्थाचे आहे. तपासलेल्या प्रकरणांत मूल दत्तक देण्यास जन्मदात्यांची संमती असल्याचा कागद आढळला नाही, ही त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय. तेव्हा मूळ शोधू पाहणाऱ्याला आई कोण एवढेच विचारावयाचे नसते. आपल्याला खरोखर दिले होते काय, हेही त्याला जाणून घ्यावयाचे असते.

अन्य देशांतील स्थिती : स्कॉटलंडमध्ये १९३० च्या दत्तक कायद्यानेच सतरा वर्षांवरील दत्तकाला आपली मूळ जन्मनोंद पाहता येऊ लागली. इंग्लंड व वेल्समध्ये हा अधिकार १९७५ च्या कायद्याने अठरा वर्षांवरील व्यक्तीला मिळाला. गुप्ततेच्या आश्वासनावर मूल दिलेल्या जुन्या मातांचा विचार करून त्यापूर्वीच्या दत्तकांना समुपदेशकाची भेट सक्तीची करण्यात आली. न्यूझीलंडने १९८५ मध्ये नोंदी खुल्या करताना दोन्ही पक्षांना नकार नोंदविण्याची मुभा ठेवली. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९१७ मध्ये नोंदी परक्यांच्या नजरेपासून दूर ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे पुष्कळ राज्यांनी त्या खुद्द दत्तकालाही बंद केल्या. कॅन्सस व अलास्का ही राज्ये मात्र त्या वाटेने गेली नाहीत. ऑरेगनमध्ये १९९८ मध्ये लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने प्रौढ दत्तकांना हा अधिकार दिला, तर न्यूयॉर्कमध्ये तो २०२० पासून मिळू लागला. फ्रान्समध्ये आईला नाव न देता बाळंत होण्याचा अधिकार आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये ओडिएव्र खटल्यात त्या पद्धतीला बाध आणला नाही. पुण्यातील १८६३ च्या आश्वासनाशी फ्रान्सच्या या तत्त्वाचे नाते अगदी जवळचे आहे. अलीकडे जनुकीय चाचण्यांमुळे पाश्चात्त्य देशांत कायद्याला वळसा घालून नातलग सापडू लागले आहेत; सेनगावकडील एखाद्या मातेचा नमुना त्या संग्रहात असण्याची शक्यता मात्र नगण्यच.

भारतातील विद्यमान नियम : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत (१९८९) शक्य तेथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे, भारत १९९२ मध्ये तिच्यात सामील झाला. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारास भारताने २००३ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदानुसार मुलाच्या मूळाविषयीची माहिती जतन करणे बंधनकारक आहे. ती पाहू देणे मात्र त्या त्या देशाचा कायदा परवानगी देईल तितकेच. १९९० मध्ये स्थापन झालेली केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, हिला बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये वैधानिक प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. त्याखाली २०१७ मध्ये दत्तकग्रहण विनियम झाले व २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. त्यांत मूळशोधाची तरतूद आहे. अठरा वर्षांवरील दत्तक स्वतः अर्ज करू शकतो. त्याहून लहान असल्यास दत्तक आईवडिलांसह अर्ज करावा लागतो. १९८४ च्या निर्णयातील विवेकाची अट अशा रीतीने प्रौढांपुरती मागे पडली.

तथापि हा अधिकार निरपवाद नाही. मूल सुपूर्द करताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली असेल, तर त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. ती न मिळाल्यास किंवा ते न सापडल्यास केवळ मूल सोडण्याची कारणे व परिस्थिती सांगितली जाते. अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलाला ते कोठून व कोणत्या स्थितीत संस्थेत आले, हे सांगता येते. त्रयस्थामार्फत मूळशोधास परवानगी नाही. परदेशात राहणाऱ्या व मराठी न जाणणाऱ्या दत्तकाला ही अट फार जड जाते. गुप्ततेला नकार देणारे आणि ती जपू पाहणारे हे दोघेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयाचा आधार घेतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एक फरक विसरता येत नाही. आईने पूर्ण जाणीवेने मागितलेली गुप्तता निराळी आणि संस्थेने केवळ आपल्या सोयीसाठी किंवा जुनी उणीव झाकण्यासाठी पाळलेली गुप्तता निराळी; दुसरीला खाजगीपणाचे नाव देणे उचित नव्हे.

दत्तकाला पुढे काय कळू शकेल, हे बहुतांशी आईने कोणता मार्ग धरला यावर ठरते. बालकल्याण समितीपुढे मूल रीतसर सुपूर्द केल्यास त्यागपत्र होते, फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते आणि नाव गुप्त पण सुरक्षित राहते. मूल कोठे तरी ठेवून निघून गेल्यास मागे पोलिसांचा पंचनामा तेवढा उरतो. शिक्षेचे भय हे या दुसऱ्या मार्गाचे एक कारण आहे. मूल टाकून देणे हा १८६० च्या संहितेप्रमाणेच २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे. २०१५ च्या अधिनियमाने मात्र, आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांचे कृत्य हेतुपुरस्सर नाही असे गृहीत धरून त्यांना त्या अधिनियमातील शिक्षेतून वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व व जन्मदाखला मिळण्याचा मार्ग मोकळा केला. या दोन्ही गोष्टी खेड्यापाड्यांत फारशा माहीत नाहीत.

मुळाची माहिती ही केवळ भावनेची बाब नव्हे. आनुवंशिक आजारांची चौकशी करताना, विवाह ठरविताना, तसेच जातीच्या दाखल्यासाठी तिची गरज पडते. संस्थेत वाढलेल्या, पण दत्तक न गेलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न इतका तीव्र झाला, की महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाची स्वतंत्र तरतूद केली.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ साली सुधारणा होऊन ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा ठरला. दत्तक, अनाथ, सोडून दिलेली व सुपूर्द केलेली मुले, तसेच एकट्या किंवा अविवाहित मातेची मुले यांच्या नोंदीची माहिती कोणी द्यावी, हे प्रथमच स्पष्ट करण्यात आले. नोंदींचा संग्रहही आता संगणकावर ठेवला जातो. ज्यांचा जन्म या तारखेपूर्वीचा, त्यांची भिस्त अजून कागदी वह्यांवरच आहे. सेनगाव तालुक्यातील एखाद्या गावात १९७० ते २००० या काळात जन्मलेल्या दत्तकाने शोध आरंभावयाचा झाल्यास ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही, दुय्यम निबंधकाकडील दत्तकपत्रांची नोंद, परभणी व हिंगोली येथील न्यायालयांचे पालकत्वाचे हुकूम, पोलीस ठाण्यातील नोंद आणि ज्या संस्थेतून दत्तक दिले गेले तिची फाइल, असा क्रम सामान्यतः धरावा लागतो. यांपैकी संस्थेच्या फाइलीसाठी ‘कारा’कडे अर्ज करण्याची वाट आहे, बाकीच्यांसाठी प्रत्येक कार्यालयात स्वतंत्रपणे जावे लागते.